काळ्या पाळीवाले डोंगरवार सर

डोंगरवार सर दगड चाटतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढंमागं भेट झाली तर तुम्ही दचकणार नाही. आम्ही गोंदियाकडच्या देवरीची माणसं आता दचकत नाही. एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस भररस्त्यात वाकतो, गिट्टीतला एखादा खडा उचलतो, सदऱ्याला पुसतो, त्याला जिभेचं टोक लावतो आणि खिशातलं भिंग काढून त्या ओल्या जागेवर डोळा लावून उभा राहतो. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमतो. सरांना त्याचं काही नाही.

"ओला केल्याशिवाय दाणा दिसत नाई," ते सांगतात. "आन् रस्त्यानं पाण्याचा लोटा घेऊन कोण फिरते गा?"

सर इथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहेत. काकू गेल्यापासून घरात एकटेच, म्हणजे एकटे आणि खोल्या भरून दगड. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. पशुधन पर्यवेक्षक आहे, लोकांच्या भाषेत ढोराचा डॉक्टर. गावोगाव फिरायला माझ्याकडे मोटरसायकल आहे, आणि सरांना गाडी चालवता येत नाही. माझ्या रविवारांचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

एकदा आम्ही माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला निघालो. सोबत चार शहाणी माणसं असावीत म्हणून सरांना घेतलं. इथंच चुकलं. मुलीच्या बापानं दारात येऊन हात जोडले, "या जी, या," म्हटलं, आणि आमचे शहाणे गृहस्थ गुडघ्यावर बसून त्यांच्या दाराची पायरी चाटू लागले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सर उठले, भिंग खिशात टाकलं आणि म्हणाले, "पायरी उत्तम आहे." मुलीच्या बापानं आम्हाला घाईघाईनं आत नेलं. लग्न मात्र जमलं. वरात आली त्या दिवशी मुलीकडचे एक मामा आमच्या दारात थांबले, पायरीकडे पाहिलं, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आमच्यातल्या किती जणांनी चाटा लागते जी? तुमच्याकडची रीत आहे म्हणे."

सरांचं दुसरं वेड म्हणजे एक प्रश्न. "पह्यले सांग, कोण कोणात घुसला?"

त्यांच्या शास्त्राचा म्हणे हा साधा नियम आहे. एका दगडाला चीर पडते, जमिनीखाली तापून पातळ झालेला दुसरा दगड त्या चिरेत घुसतो आणि तिथंच थंड होऊन बसतो. जो कापून गेला तो मागून आलेला, जो कापला गेला तो आधीचा. झालं! सरांनी हा नियम दगडापुरता ठेवला असता तर आमची काही हरकत नव्हती. पण चौकात ट्रॅक्टर आणि मोटरसायकलची टक्कर झाली, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या गचांड्या धरून उभी, आणि सर गर्दीतून वाट काढत मध्ये जाऊन विचारतात, "शांत व्हा! कोण कोणात घुसला?" शेताच्या धुऱ्यावरून बांधाचं भांडण लागलं की तेच, बँकेच्या रांगेत तेच. एकदा सभेत सरपंचानं त्यांना बोलता बोलता मध्येच तोडलं. सर म्हणाले, "तू मले कापलंस ना? म्हणजे तू मागून आलेला. बस खाली." सरपंच बसला. मुकाट बसला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे ती काळी पाळ.

चिचगडच्या पुढं जंगलात टेकड्यांची एक रांग आहे. दगड तांबूस-गोरा, ग्रॅनाइट. त्या गोऱ्या टेकडीच्या बरोबर मधून एक काळी, सरळ, पुरुषभर उंचीची भिंत वर चढत गेली आहे. तलावाचा बांध, म्हणजे आमच्याकडची पाळ असते ना, अगदी तशी. फक्त तलाव नाही. लोक म्हणतात, राक्षसानं एका रात्रीत बांधायला घेतली आणि कोंबडा आरवला म्हणून टाकून पळाला. सर जातीचे कोहळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेली माणसं. लहानपणी आजोबांबरोबर मोहफुलं वेचायला गेले असताना त्यांनी ही पाळ पहिल्यांदा पाहिली आणि विचारलं, "ही आपल्या लोकांनी बांधली काय?" आजोबांनी बराच वेळ पाहून घेतलं आणि म्हणाले, "आपल्यातल्या कोणी नाई बांधली. आपल्याले एवढी सरळ येत नाई."

मग बांधली कोणी? त्या एका प्रश्नापायी पोरगा नागपूरला जाऊन भूगर्भशास्त्र शिकला आणि उत्तर घेऊन परत आला. गोरा ग्रॅनाइट आधीचा. तो पूर्ण थंड, घट्ट झाल्यावर त्याला चीर पडली, खालून काळा रस आला आणि चिरेत घुसून गोठला. काळा घुसला, गोरा कापला गेला. दर हिवाळ्यात सर एसटीची बस करून पोरांना पाळीवर न्यायचे, हातोडी उंचावून गरजायचे, "कोण कोणात घुसला?" आणि सगळी बॅच एका सुरात ओरडायची, "काळा गोऱ्यात, सर!" जंगलातली माकडं लांब पळायची.

निवृत्तीनंतर बस गेली आणि माझी मोटरसायकल आली. मागच्या सीटवर सर, त्यांच्या हातात हातोडी, आमच्या दोघांच्या मध्ये दगडांची झोळी. तो भाग नक्षलवाद्यांच्या वावराचा, रस्त्यात पोलिसांची तपासणी असते. पहिल्यांदा अडवलं तेव्हा शिपायानं झोळीत हात घातला.

"काय आहे?"

"दगड."

"कायले?"

"पाहायले."

"किमती आहेत?"

"एकाची तरी असती तर ह्याच्या गाडीवर कायले बसलो असतो?"

शिपायानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा माझ्यासाठी अॅम्ब्युलन्स बोलावतो. तेव्हापासून आम्ही दिसलो की तो दुरूनच हात हलवतो, "जाऊ द्या, दगडवाले सर आहेत."

घरी आणलेल्या दगडांचे सर काप करतात. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि दुसऱ्या काचेवर कुरुंद दगडाची कठीण पूड आणि पाणी घेऊन घासत बसायची, घासत बसायची, दगडातून प्रकाश आरपार जाईपर्यंत. केसापेक्षा पातळ. मग तो काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काळ्या दगडातून निळे, पिवळे, केशरी रंग फुटतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तर नवरात्राचा मंडपच दिसला. यात एकच धोका. क्षणभर जास्त घासलं की काचेवर नुसती काच उरते, दगड पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो. आणि सरांना घासताना बोलायची सवय! कित्येकदा मला काही समजावता समजावता त्यांनी काच उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "घ्या! गेला." मग माझ्यावरच डाफरायचे, "तू मध्ये मध्ये विचारतोस कायले?"

आता हेमलताची गोष्ट.

हेमलता मडावी ही सरांच्या अगदी शेवटच्या बॅचची मुलगी. पाळीच्या पायथ्याच्याच गावची. लहानपणी शेळ्या घेऊन त्या भिंतीवर खेळलेली. आता नागपूरला पीएच.डी. करते, विषय अर्थातच काळी पाळ. तो काळा दगड कशाकशाचा बनला, कसा आणि केव्हा आला, हे तिला सिद्ध करायचं होतं. सरांचा आनंद काय सांगू! ती सुट्टीत आली की सर तिला चहा पाजून पाजून बेजार करायचे.

गेल्या दिवाळीनंतर ती आली ती थेट माझ्याकडे. चेहरा उतरलेला. म्हणाली, "काका, तुम्ही माझ्यासंगं चला. मले एकटीनं सरांसमोर बोलवत नाई."

आम्ही गेलो. तिनं पायाखालच्या फरशीकडे पाहत सांगायला सुरुवात केली. तिला काळ्या दगडाच्या कापात गोऱ्या दगडाचे दाणे सापडले होते आणि प्रत्येक दाण्याभोवती हिरवी किनार होती. "सर, मले वाटते, काळा आला तेव्हा गोरा घट्ट नव्हता. तोही पातळच होता. दोघंही एकाच वेळी."

सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे कोण कोणात घुसला?"

"कोणीच नाई, सर."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. सर काही ओरडले नाहीत, हीच जास्त भीतीची गोष्ट. म्हणाले, "पुरावा?"

तिथंच तर घोडं अडलं होतं. पुरावा हवा होता तो काळा आणि गोरा जिथं भेटतात त्या काठाचा. सगळीकडे तो काठ पाण्यापावसानं कुजून गेलेला. एकच जागा ताजी होती, आणि तिच्यावर आता वनखात्यानं तळ्याची पाळ बांधली आहे. त्याबद्दल सरांना बोलताही येत नाही. तलाव बांधणाऱ्यांच्या घरात जन्मून तळ्याच्या नावानं बोटं मोडणार कशी? काठाचा दगड हातात धरला नाही तर तिचं म्हणणं टिकणार नाही, जुनंच लिहून दे, असं तिच्या मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि तो दगड एकाच माणसाकडे होता.

"सर, तुम्ही वर्गात सांगत होते," हेमलता चाचरत म्हणाली, "तरुणपणी तिथून काठाचा एक मोठा दगड आणला म्हणून. तो कापायला..."

"तो नाई भेटणार," सर म्हणाले. उठले आणि आत निघून गेले. आम्ही तिथंच बसून राहिलो. ते बाहेर आलेच नाहीत.

पोरगी बसस्टँडपर्यंत रडत गेली. माझं डोकं असं भडकलं म्हणता! जन्मभर दुसऱ्यांना पुरावा मागणारा माणूस, आणि स्वतःची चूक निघायची वेळ आली तर दगड दडवून बसला? मी सरांसाठी गाडी बंद केली. रविवारी सर हातोडी घेऊन फाटकाशी उभे राहिले, मी दार उघडलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. शेवटी माझाच जीव राहवेना. तडक त्यांच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सुनावलं, "सर, लहान तोंडी मोठा घास घेऊन राहिलो, पण तुम्ही भित्रे निघाले. त्या पोट्टीच्या शिक्षणापेक्षा तुमचा हेका मोठा झाला काय?"

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चल आत."

आत म्हणजे स्वयंपाकघरात. मी एवढी वर्षं त्या घरी जातो, पण काकू गेल्यानंतर तिथं पाय ठेवला नव्हता. ओट्यावर एक पातेलं, एक ताट, एक पेला. फळीवर कोपऱ्यात चिनीमातीची मोठी बरणी, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर एक चपटा, जड दगड. अर्धा काळा, अर्धा गोरा.

"हा?" मी विचारलं.

"हाच. आणला तेव्हा तुह्यी काकू नवीन नवरी होती. लोणचं घातलं होतं, झाकणावर ठेवायले वजन भेटत नव्हतं. हा दगड पाहून म्हणाली, अगदी बेताचा आहे, द्या. म्या म्हटलं, ठेव, लोणचं संपलं की मी कापून पाह्यतो." सर जरा हसले. "लोणचं संपलंच नाई गा. खालचं सरत आलं की ती नवीन घाले. दर सालाले मी म्हणे, यंदा कापतो. ती म्हणे, यंदा कैऱ्या चांगल्या आल्या, पुढच्या सालाले कापा."

मला हसू आलं आणि आलं तसं गेलं.

"हे तिचं शेवटचं," सर म्हणाले. "झाकण तिनं लावलं. दगड तिनं ठेवला. त्याच्यानंतर म्या हात नाई लावला."

माझे डोळे भरून आले. मी काय काय बोललो होतो! सर बरणीकडे पाहत उभे होते. न वळताच त्यांनी विचारलं, "पोट्टी रडली काय रस्त्यानं?"

"रडली, सर."

"लगित रडली?"

"खूप. स्टँडवर बायका तिच्याकडे पाहून राहिल्या होत्या."

मी म्हटलं, "राहू द्या सर. तिला मी समजावून सांगतो. ती समजेल."

"काय समजेल?" सर एकदम डाफरले, आणि मला बरं वाटलं. "दगड बरणीवर आहे म्हणून खोटं लिहून दे, असं समजेल? बोलाव तिले. आन् येताना तांदूळ घेऊन ये, माह्याकडचा सरला."

हेमलता दुसऱ्याच दिवशी आली. मी तिला वाटेत सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ती दारातूनच परत फिरायला निघाली. म्हणाली, "मले नाई पाह्यजे तो दगड." सरांनी तिला हाताला धरून आत आणलं. "तुले नको असंल. मले पाह्यजे," म्हणाले. मग फळीपुढं उभे राहिले, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. तिचे हात त्याच्या वजनानं खाली गेले.

मग सरांनी फडक्याची गाठ सोडली.

मला धाकधूक होती की आत बुरशी निघेल, आणि मग या माणसाचं काय करायचं? पण तेल वर तसंच होतं, खाली फोडी काळ्याभोर मुरलेल्या. हिंगाचा आणि मोहरीचा वास घरभर झाला. भात मी टाकला होता. तिघं खाली बसून जेवलो. सरांनी पहिली फोड तोंडात घातली, बराच वेळ चघळली आणि म्हणाले, "मीठ जास्त आहे. तिले तेव्हाच म्हटलं होतं." एवढं बोलले आणि लहान पोरासारखे रडू लागले. हेमलतानं उठून त्यांना पाणी दिलं. मग आम्ही परत जेवलो. सरांनी तीनदा लोणचं वाढून घेतलं.

दगड नागपूरला कापला. चकती हेमलता घेऊन आली, कारण शेवटचं घासणं सरांनी स्वतःकडे ठेवलं होतं. मी मनात म्हटलं, संपलं. आता हे बोलत बसणार आणि सगळं पाण्यात जाणार. पण त्या दिवशी सर एक शब्द बोलले नाहीत. सकाळभर नुसता कुरुंदाचा खरखर आवाज. मध्येच थांबायचे, हात पंच्याला पुसायचे, पुन्हा घासायचे. मी खोकलासुद्धा दाबून धरला. शेवटी काच उजेडात धरली. दगड होता. पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि वाकलेलेच राहिले. हेमलता पदराचं टोक पिळत होती. मी भिंतीवरच्या पालीकडे पाहत होतो.

"च्यामायला!" सर म्हणाले.

"काय झालं, सर?"

"अगा, काठ पाह्य ना! लाटालाटांचा आहे. घट्ट दगडाची चीर अशी नसते, ती धारदार असते. आन् हे पाह्य, गोऱ्याचे दाणे सुटून काळ्यात आले, भोवती हिरवी किनार धरली." त्यांनी माझी मान धरून मला भिंगावर वाकवलं. मला लाटा दिसल्या. बाकी काही कळलं नाही, हे त्यांना कळलं. "हे बघ, भातावर वरण वाढलं तर शितं शितंच राह्यतात. पण वरणात ताक ओतलं तर? दोघांचेही काठ हलतात, याचं त्याच्यात, त्याचं याच्यात. तसं झालं आहे हे. दोघंही पातळ होते. कोणी कोणात घुसलं नाई." मग ते हेमलताकडे वळले. "बाई, तू बरोबर आहेस. मी चूक. जन्मभर चूक!"

आणि हे सांगताना माणूस इतका खूश, की जणू कोणी त्याला नवी कोरी काळी पाळ बांधून दिली आहे. हेमलता पाया पडायला वाकली तर म्हणाले, "पाया कायले पडतेस? लिही आता जाऊन. धडाक्यात लिही."

मला वाटलं, झालं गोड, आता आपण सुटलो. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी सर फाटकाशी उभे. चेहरा चिंतेनं काळवंडलेला.

"मनोहर, म्या किती पोट्ट्यांले चुकीचं शिकवलं गा."

"बरं मग?"

"मग काय? जाऊन सांगा लागते ना."

तुम्हाला ही थट्टा वाटेल. थट्टा नाही. या माघात आमचे रविवार त्यातच गेले. माझी गाडी, मागं सर, दारोदार. पहिला विद्यार्थी एसटीत कंडक्टर. त्याची बस स्टँडवर लागली होती. सर वर चढले आणि भर बसमध्ये म्हणाले, "कापगते, काळ्या पाळीबद्दल म्या तुले चुकीचं सांगितलं होतं." मग सगळं समजावलं, वरण, ताक, लाटा. कंडक्टर तिकिटाची मशीन छातीशी धरून ऐकत होता. प्रवासीही ऐकत होते. गाडी सुटायला उशीर झाला, पण कोणी कुरकुरलं नाही. एक म्हातारी तर म्हणाली, "गुरुजी बरोबर सांगून राह्यले बाप्पा."

पुढं सडक अर्जुनीला एक मास्तरीण, एक खताचा दुकानदार, आमच्याकडच्या प्रतापगडच्या पायथ्याला चहाची टपरी चालवणारा एक जण. सरांना प्रत्येकाचं नाव आठवत होतं, कोणी कुठला दगड फोडला, कोणाला बसमध्ये उलटी झाली, सगळं. आणि त्यांच्यापैकी एकालाही पाळीचं ओ की ठो आठवत नव्हतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "सर, दगडाचं नाई आठवत. पण सहलीहून आल्यावर शेवटल्या पोरीची गाडी सुटेपर्यंत तुम्ही स्टँडवर उभे राहत होते, ते आठवते." सर म्हणाले, "ते सोड. काठ लाटांचा आहे, हे ध्यानात ठेव."

येताना मी वैतागलो. म्हटलं, "सर, कोणाच्याच लक्षात नाही, मग कायले फिरून राहिलो आपण?"

"त्याहीले आठवत नसंल," मागून उत्तर आलं. "मले आठवते ना, म्या काय सांगितलं."

परवा आम्ही गोंदियाला गेलो. तिथं त्यांचा एक विद्यार्थी राइस मिल चालवतो. पोट सुटलेला, गळ्यात साखळी, दोन फोन. सरांना पाहून गादीवरून उठून उभा राहिला, "अरे सर, आप! आइए, आइए." सरांनी सुरुवात केली. मिलच्या आवाजात ओरडून सांगावं लागत होतं. त्यानं माणूस पाठवून मिल बंद करायला लावली. दोन्ही फोन उलटे ठेवले. सगळं ऐकून घेतलं, आणि मग मान खाली घालून म्हणाला, "सर, सच बताऊँ? त्या दिवशी मी बसमध्ये झोपलो होतो. पाळ मी पाहिलीच नाही."

सरांनी हातातलं भिंग खिशात टाकलं.

"तो अब दिखाइए ना," तो म्हणाला. "हंगाम संपला की जाऊ. बस मी करतो. जुन्या सगळ्यांना मी फोन लावतो. हेमलताताई शिकवेल, आपण खाली बसून ऐकू. तुम्ही आमच्यात बसा, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मिलवाल्यानं चहा मागवला आणि तो कोणाकडेही न पाहता पीत बसला.

परतताना माझ्या खांद्यावर थाप पडली. "गाडी थांबव."

मी थांबवली. वाटलं, काही दगड दिसला असेल. सर उतरले, आणि रस्त्याकडेच्या आंब्याकडे मान वर करून उभे राहिले. झाड मोहोरानं लदलेलं होतं.

"एवढी माणसं येतीन म्हणते," ते म्हणाले. "जेवायले बसतीन पाळीवर. भात, वरण होऊन जाईन. लोणचं पाह्यजे का नाही?"

"पाहिजे ना, सर. पण आपलं तर सरत आलं."

"तेच म्हणून राहिलो. मग नवीन घाला लागते." ते पुन्हा मोहोराकडे पाहू लागले. "मनोहर, बाजारात कैऱ्या कधी येतात गा? मले कधी ठाऊकच नव्हतं. घरी आलेल्या दिसत, बस."

"आता कुठं मोहोर आहे, सर. अजून वेळ आहे."

"बरं आहे," सर म्हणाले आणि गाडीवर बसले. "तोपर्यंत कोणाले तरी विचारून शिकून घेतो. मीठ कमी घालीन."